चेसी बदलल्यानंतर

सासूबाईंना अपघाताचं सांगायचं नाही, हे ह्यांनी स्ट्रेचरवर पडल्या पडल्याच ठरवून टाकलं होतं. मांडीचं हाड मोडलेलं, तोंडात माती, पँट कात्रीने कापून काढलेली, आणि बायको समोर आल्यावर माणसाचं पहिलं वाक्य काय, तर "आईला कळवू नको." दुसरं वाक्य, "गाडी कुठाय?" मनात म्हटलं, अहो, मी पण इथंच उभी आहे. पण ती भांडायची वेळ नव्हती.

ह्यांची नोकरी अंबरनाथच्या एमआयडीसीत, कायम दुसरी शिफ्ट. आम्ही बदलापूरला कात्रपमध्ये राहतो आणि मी तिथल्याच एका शाळेच्या ऑफिसात आहे. सासूबाई मोठ्या दिरांकडे असतात, अंबरनाथला, शिवमंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावर, दुसऱ्या मजल्यावर. कामावर जाताना हे मुद्दाम वाकडी वाट करून त्या रस्त्याने जायचे. गॅलरीखाली आले की दोनदा हॉर्न, डावा हात वर, आणि गाडी पुढे. थांबायचे नाहीत, शिफ्ट चुकेल म्हणून. सासूबाई जेवण आटोपून आधीच कठड्याशी उभ्या असायच्या. "सांभाळून जा रे" असं वरून ओरडायच्या, हात करायच्या आणि मग आत जाऊन आडव्या व्हायच्या. हात केल्याशिवाय त्यांना दुपारची झोप लागायची नाही. वर्षानुवर्षं हे असंच चाललेलं होतं.

त्यांना का सांगायचं नाही, त्यालाही कारण होतं. माझे सासरे रस्त्यावरच गेले. सायकलवरून येत होते, ट्रकने उडवलं. शिवाय सासूबाईंच्या हृदयाचं ऑपरेशन झालेलं. त्यामुळे सगळ्यांनी मिळून थाप ठरवली की कंपनीने ह्यांना गुजरातला नव्या प्लांटवर पाठवलंय, काही महिने येणं होणार नाही. रोज संध्याकाळी हे पलंगावरून आईला फोन करायचे आणि तिकडची हवा कशी आहे ते सांगायचे. एकदा तर ढोकळ्याचंही कौतुक केलं. मी स्वयंपाकघरात कपाळाला हात लावून ऐकत होते.

गाडीचं म्हणाल तर मोठे दीर म्हणाले होते, भंगारात घाला. डंपरमधून सांडलेल्या खडीवरून घसरून ती थेट डिव्हायडरवर जाऊन बसली होती, पुढचं चाक इंजिनाला टेकलं होतं. पण हे हट्टाला पेटले. "मी उठेन तेव्हा गाडी उभी पाहिजे." पाय टांगून पडलेल्या माणसाशी काय वाद घालणार? अंबरनाथच्या गॅरेजात टाकली असती तर संध्याकाळपर्यंत सासूबाईंच्या कानावर गेलं असतं, म्हणून टेम्पोत घालून ती थेट उल्हासनगरला, कॅम्प एकला नेली. ह्यांच्या एका मित्राच्या ओळखीचं गॅरेज होतं तिथं. मालक सिंधी, बोलणं निम्मं मराठी निम्मं हिंदी. मिस्त्री मात्र आपला मराठी, साताऱ्याकडचा.

मालकाने गाडीभोवती एक फेरी मारली, उकिडवा बसला, हँडलच्या खालचा सांधा बोटाने चाचपला आणि म्हणाला, "भाभी, चेसी गेली." चेसी म्हणजे गाडीचा सांगाडा, बाकी सगळं ज्याच्यावर बसतं ते. मी विचारलं, सरळ नाही का करता येणार? "होईल ना. दिसायला एकदम सीधी होईल. पण ती साईडला खेचत राहील, मरेपर्यंत. तुम्हाला ते पाहिजे का?" मी म्हटलं, नको बाबा.

मग मिस्त्रीने मला सगळं समजावलं. नवी चेसी कंपनीकडून कोरी येते, तिच्यावर नंबर नसतो. आरटीओची परवानगी काढायची, जुना नंबर नवीवर ठोकायचा, आणि जुनीवरचा नंबर ग्राइंडरने कापून टाकायचा. नाहीतर एकाच नंबरच्या दोन गाड्या व्हायच्या. मी म्हटलं, "म्हणजे बारसं आणि बारावं एकाच दिवशी." मिस्त्री हसला. मी बोलून गेले खरी, पण माझी मलाच जीभ चावावीशी वाटली. घरात माणूस आडवा पडलेला, आणि मी हे काय बरळतेय?

परवानगी यायला नवरात्र उजाडलं. चेसी बदलली त्या दिवशी मी शाळा सुटल्यावर गेले होते. हे घरून फोनवर फोन करून विचारत होते, म्हणून मी स्टुलावर बसून एकेक सांगत राहिले. टाकी निघाली, सीट निघालं, इंजिन दोघांनी मिळून उतरवलं, वायरींचा गुंता एका पोत्यावर पसरला. सगळं उतरल्यावर जुनी चेसी भिंतीला टेकवून ठेवली. पापलेट खाऊन ताटात काटा उरतो ना, तशी दिसत होती. मग तेच सगळं सामान नव्या, काळ्या कुळकुळीत चेसीवर चढत गेलं. तीच लाल टाकी, तिच्यावर माझ्या किल्लीने उठलेला ओरखडा तोच, सीटची फाटकी शिवण तीच. मडगार्ड, दिवा आणि आरसे तेवढे नवे. शेवटी गाडी स्टँडवर उभी राहिली आणि मिस्त्रीने किक मारली. आवाजही तोच. मला आनंद व्हायला हवा होता. पण मी एकदा गाडीकडे बघायचे आणि एकदा भिंतीकडे, आणि आपली कुठली ते मला काही केल्या ठरवता येईना. ह्यांना फोनवर सांगितलं, "झाली एकदाची उभी."

नंबर ठोकायला आणि कापायला दुसऱ्या दिवशी बोलावलं होतं. आरटीओचा माणूस सकाळीच येऊन बघून गेला, नव्या चेसीवर नंबर ठोकून झाला. मी दुपारी पोचते तर गॅरेजमध्ये झेंडूचा घमघमाट. खंडेनवमी. पाने, हातोड्या, हवा भरायचं मशीन, ग्राइंडर, सगळं धुऊनपुसून एका पाटावर मांडलेलं, हळदकुंकू लावलेलं, ग्राइंडरच्या गळ्यात हार. जुनी चेसी भिंतीशी तशीच.

मी म्हटलं, "अहो, हिचा नंबर?"

मिस्त्रीने कानाला हात लावला. "ताई, आज हत्याराला हात लावायचा नाही. पूजा झाली. आता दसरा झाला की पहिलं काम हेच करतो."

मालक म्हणाला, "दो मिनिट का काम है, कर दे ना." पण मिस्त्री ऐकेना, आणि खरं सांगायचं तर मलाही त्याचंच पटलं. आमच्या घरी त्या दिवशी विळीसुद्धा पूजेला बसते, मी स्वतः सकाळी भाजी न चिरता डाळभात केला होता. पूजेतलं हत्यार उचलून कापाकापी करायची, ती पण अपघाताच्या गाडीवर? नको रे बाबा. मी ग्राइंडरला नमस्कार केला, प्रसादाचा पेढा घेतला आणि घरी आले. आमची गाडी ह्यांच्या मित्राने आणून खाली पार्किंगमध्ये लावली आणि तिच्यावर कव्हर घातलं.

दसऱ्यानंतर मिस्त्रीचा फोन आला. जुनी चेसी जागेवर नव्हती. "भंगारवाल्याने उचलली असेल ताई. एव्हाना वितळली पण असेल." मी म्हटलं, जाऊ दे, ब्याद टळली.

दिवाळी झाली. ह्यांचं हाड सावकाश जुळत होतं. डॉक्टरांनी वॉकर घेऊन पाय टेकायला सांगितलं होतं आणि गुडघा रोज वाकवायचा म्हणून निक्षून बजावलं होतं, नाही वाकवला तर कायमचा आखडेल. दुखायचं भयंकर. पण हे दात-ओठ खाऊन करत होते, कारण एकच. आईला संशय यायच्या आत गॅलरीखालून जायचं होतं. दारापर्यंत चार पावलं टाकायचे, घामाने निथळायचे आणि म्हणायचे, "संक्रांतीपर्यंत जातो बघ."

आणि एका संध्याकाळी सासूबाईंचा फोन आला, माझ्या मोबाईलवर. आवाज अगदी खुशीत.

"अगं, आला म्हणून सांगितलं नाहीस ते?"

"कोण, आई?"

"कोण काय? दुपारी गेला की खालून. मी हात केला तर आधी बावचळलाच, मग त्याने केला. गुजरातहून आला तर घटकाभर वर यायचं नाही का? पण जाऊ दे, शिफ्ट असेल."

मी पलंगाकडे बघितलं. हे भिंतीला टेकून पेपर वाचत होते, पाय उशीवर. मी म्हटलं, "आई, तुम्हाला भास झाला असेल." तशा त्या चिडल्या. "मला माझा मुलगा कळत नाही होय?" फोन ठेवला. आम्ही दोघं हसलो. मोतीबिंदू वाढला असेल, असं म्हणून मी विषय संपवला.

पण दुसऱ्या दिवशी पुन्हा गेला. तिसऱ्या दिवशी पुन्हा. सासूबाई रोज सांगायच्या, आज जरा लवकर गेला, आज पाठीला सॅक होती, आज हॉर्न दिला. आणि मग जाऊबाईंचा फोन आला. आमच्या जाऊबाई म्हणजे देवाला हात जोडतानाही डोळे उघडे ठेवणारी बाई. त्या मोरीत जाऊन दबक्या आवाजात बोलत होत्या.

"अगं, मी मुद्दाम आईंच्या मागे उभी राहिले आज. लाल टाकी, काळं हेल्मेट, डावा हात. मी म्हटलं, अशा छप्पन्न गाड्या असतील. पण नंबर तोच आहे गं. तुमचाच नंबर." मग आवाज आणखी खाली आणून म्हणाल्या, "भाऊजी घरीच आहेत ना?"

"घरीच आहेत," मी म्हटलं, आणि तरी जाऊन खोलीत डोकावून आले. हे झोपले होते. मग मी खाली पार्किंगमध्ये गेले. भरदुपारची वेळ, चिटपाखरू नव्हतं. कव्हर काढलं. गाडी होती तिथंच, कव्हरच्या आत मांजराने केस गाळून ठेवलेले. मी सायलेन्सरला हात लावून बघितला. गार होता. गार असणारच, हे मला कळत होतं, तरी पुन्हा एकदा लावून बघितला. मग पळत जिना चढले.

ह्यांना मी सांगणार नव्हते, पण माझ्या पोटात काही राहत नाही. ह्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "आई खूश आहे का?"

"खूश आहेत. रोज झोपतात दुपारी."

"मग झालं तर."

मला वाटलं चेष्टा करतायत. पण त्या दिवशी गुडघा वाकवला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. वॉकर पलंगाशी तसाच, त्याच्यावर मी टॉवेल वाळत घालायला लागले. मी ओरडले की शांतपणे म्हणायचे, "कशासाठी चालू? तिच्यासाठीच चालत होतो ना? तिचं भागतंय." संध्याकाळी आईला फोनवर सांगायचे की परत आलोय, पण वर यायला सवड नाही, आणि मग न चुकता जाऊबाईंना फोन लावायचे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी उलथणं हातात घेऊन तशीच दारात आले. हे विचारत होते, "वहिनी, आज मी किती वाजता गेलो?"

"तो गेला का" असं नाही, "मी गेलो का". आणि उत्तर ऐकून समाधानाने मान हलवायचे. एके दिवशी म्हणाले, आज लवकर गेलो, म्हणजे ऑडिट असणार. मी समोर बसून ज्या माणसाला भात कालवून देत होते, तो मला हळूहळू उरलासुरला वाटायला लागला. जो खरा, तो रोज दुपारी अंबरनाथला हात करत निघून जात होता. भीती वाटायची हो. रात्रीची नाही, दिवसाढवळ्या. डॉक्टरांनी गुडघा दाबून बघितला आणि मला बाहेर घेऊन सांगितलं की आणखी थोडे दिवस असेच गेले तर हा पाय पुन्हा वाकणार नाही.

तेव्हा माझं डोकं फिरलं. म्हटलं, भूत असो नाहीतर कोणी असो, त्याला एकदा बघायचाच.

सोमवार होता. शाळेतून अर्धा दिवस सुट्टी घेतली आणि शिवमंदिराच्या रस्त्यावर एका फुलवालीच्या शेजारी जाऊन उभी राहिले. वर सासूबाई दिसत होत्या, कठड्याला धरून. मी पदर डोक्यावरून ओढून घेतला. मंदिराकडे माणसांची रीघ होती, बेलाची पानं पायाखाली येत होती. आणि कोपऱ्यावरून गाडी वळली.

काय सांगू. तीच टाकी, तीच पाठ जराशी डावीकडे कललेली, हेल्मेटमधून इकडेतिकडे न बघता सरळ येणं. हॉर्न वाजला, दोनदा. डावा हात वर गेला. मी सगळं माहीत असून उभी होते, ह्यांना अर्ध्या तासापूर्वी औषध देऊन आले होते, आणि तरी माझ्या तोंडून "अहो" निघालं आणि माझाही हात वर गेला. सासूबाई आत वळल्या. मग मी भानावर आले, धावत रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिले आणि दोन्ही हात पसरले. ब्रेक करकरला. मागच्या रिक्षावाल्याने मला शिवी हासडली.

"काढा ते हेल्मेट! काढा आधी!"

त्याने काढलं. चांगला चाळिशीचा माणूस, जाड मिशी, घाबरलेले डोळे. बदलापूरच्या पलीकडच्या एका गावचा निघाला, अंबरनाथच्या एका कंपनीत दुसऱ्या शिफ्टला. मी त्याला बाजूला घेतलं आणि खाली वाकून सांध्यावरचा नंबर बघितला. तोच. सरळ केलेली, रंग मारलेली, पण तीच चेसी. कुणीतरी भंगारातून उचलून तिच्यावर दुसऱ्या गाड्यांचं सामान चढवलं होतं आणि चेसीच्या नंबरावरून आमचाच नंबर प्लेटवर टाकून विकली होती. विकणारा कागद करून देतो म्हणाला होता, तो त्याला आजतागायत सापडला नव्हता.

"मना काय म्हाईत ताई?" तो म्हणाला. "पयल्या दिवशी ती आजी वरून वरडली, सांबालून जा रे. तसा मना कुनी बोलला नव्हता बरंच दिवस. माजी आय नाय आता. मग मी पन हात केला. म्हातारा मानूस, काय जातंय आपला?"

मी काही बोलण्याआधी तोच पुढे बोलायला लागला. त्याला कधीपासून कुणालातरी सांगायचं असावं. रस्त्याने अनोळखी लोक हाका मारतात. सिग्नलला कुणीतरी पाठीवर थाप मारतं आणि तब्येत काय म्हणते विचारतं. कंपनीबाहेरच्या टपरीवर गाडी लावली की चहावाला मागं न बघताच बिनसाखरेचा चहा ठेवतो. "मी साखर खातंय ताई. पन तसाच पितंय आता." आमचे हे बिनसाखरेचा पितात. मी फुलवालीच्या कट्ट्यावर बसले.

मी विचारलं, "गाडी डावीकडे खेचते का?"

तो दचकला. "तुमाला कसा कल्ला? खेचते. हात घट्ट धरावा लागतो."

मी त्याला सगळं सांगितलं आणि ही गाडी चालवू नका म्हणून हात जोडले. तो म्हणाला, बघतो ताई, पण मग उद्या कामावर कशाने जाऊ?

घरी आले ती तडक खोलीत. "मिशी आहे त्याला! कळलं का? इतकी जाड मिशी आहे, आणि साखरेचा चहा पितो तो!"

ह्यांनी हातातला पेपर बाजूला ठेवला. मी चेसीचं सांगितलं, खंडेनवमीचं सांगितलं, सगळं. शेवटी ह्यांनी हळूच विचारलं, "चांगला आहे का माणूस?"

"चांगलाच आहे. म्हणून तर जास्त डोकं फिरलंय माझं. आणि ऐका आता. ती गाडी खेचते. एक दिवस तो तिथं, गॅलरीखाली, तुमच्या आईच्या डोळ्यांदेखत पडेल. त्यांच्या लेखी तुम्हीच पडाल. वडील रस्त्यावर गेले, आता मुलगा. कुणाला हाक मारतील त्या तेव्हा? तुम्ही काय इथून फोन करणार, की मी नाही, तो दुसराच मेला?"

फार बोलले मी. रडू पण आलं. थोड्या वेळाने बघते तर वॉकरवरचा टॉवेल जमिनीवर पडलेला. हे दोन्ही पाय खाली सोडून बसले होते, आणि आखडलेला गुडघा वाकवताना तोंडातून जो आवाज आला तो मी पुन्हा कधी ऐकू नये.

त्यानंतर ह्यांनी जाऊबाईंना तो प्रश्न विचारला नाही. फोनवर मी त्या माणसाला रोज सांगत होते, दुसऱ्या रस्त्याने जा. तो हो म्हणायचा. एकदा गेलाही दुसऱ्या रस्त्याने, तर सासूबाई संध्याकाळपर्यंत गॅलरीतून हलल्या नाहीत, जेवल्या नाहीत. जाऊबाईंनीच शेवटी निरोप दिला, जाऊ दे बाई त्याला खालून, भाऊजींचा पाय बरा होईपर्यंत.

मग जरा चालता यायला लागल्यावर आम्ही रिक्षाने अंबरनाथला गेलो. शिफ्टच्या वेळेआधी पोचायचं ठरवलं होतं, म्हणजे आईने आधी ह्यांना बघावं. पण रेल्वेच्या पुलाशी गाड्या तुंबल्या आणि उशीर झाला. उतरलो तेव्हा सासूबाई गॅलरीत उभ्याच होत्या. हे वॉकर धरून बरोबर खाली जाऊन उभे राहिले आणि वर बघायला लागले. अंगावरचा शर्ट लोंबत होता, दाढीत पांढरं आलेलं. सासूबाईंनी एकदा ह्यांच्याकडे बघितलं. भिकाऱ्याकडे बघतात तसं बघितलं आणि नजर पुन्हा कोपऱ्यावर नेली.

मला वाटलं, आता हे हाक मारतील. तेवढ्यात तो आला. दोनदा हॉर्न, डावा हात. आम्हाला बघून त्याचा हात अर्ध्यावरच थांबला, पण तोवर सासूबाईंचा वर गेला होता. हसल्या. "सांभाळून जा रे," म्हणाल्या. गाडी पुढे गेली आणि त्या आत वळल्या.

"आई!"

त्या पुन्हा कठड्याशी आल्या, वाकून बघितलं.

"कोण आहे?"

"मी आहे गं, आई."

त्यांनी रस्त्याच्या टोकाकडे बघितलं, मग ह्यांच्याकडे, पुन्हा तिकडे. "तू तर आत्ताच पुढे गेलास की रे, गाडीवरून."

हे दोन जिने चढून गेले. बसत, उठत, कठड्याला धरत, मी मागून कमरेला हात लावून. वर सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी ह्यांना आत येऊ दिलं नाही. आधी तोंडावरून हात फिरवला, कपाळ, गाल, दाढी. मग खाली बसल्या आणि पँटवरून मांडी चाचपत गेल्या, व्रण लागला तिथं थांबल्या. आमची सगळी थाप त्यांना तेवढ्यात कळली. आम्ही ज्याला घाबरत होतो तसं काही झालं नाही, छातीत दुखलं नाही की काही नाही. पण त्या ज्या रडल्या ते मला बघवेना.

"माझं लेकरू तिकडे पडलं होतं," त्या म्हणत होत्या, "आणि मी रोज परक्याला हात करून झोपायला जात होते. पोटभर झोपत होते गं मी."

माझ्याकडे बघून म्हणत होत्या.

त्या माणसाने ती गाडी सोडली. कॅम्प एकच्या मिस्त्रीने आमच्यासमोर तिच्यावरचा नंबर कापला, त्यालाही फार वाईट वाटलं होतं. ह्यांच्या एका सहकाऱ्याने आपली जुनी गाडी त्या माणसाला दिली. पावसाळ्याच्या आधी हे कामावर परत गेले, नव्या चेसीच्या आपल्या गाडीवर. जरा लंगडतात, पण गुडघा वाकतो.

रस्ता तोच आहे. गॅलरीखाली आले की दोनदा हॉर्न देतात, डावा हात वर करतात. सासूबाई वर उभ्या असतात, पण हात करत नाहीत. एकदाही केला नाही त्यानंतर. "वर ये," एवढंच म्हणतात. शिफ्टला उशीर होत असला तरी ह्यांना गाडी स्टँडला लावून, दुखऱ्या पायाने दोन्ही जिने चढावे लागतात. त्या दारातच हेल्मेट काढायला लावतात, तोंडावरून हात फिरवतात, मांडीवरचा व्रण चाचपून बघतात.

मग म्हणतात, "हं. जा आता."